नाइसेवरचे तपासनाके उठवायला हवेत

जर्मनी आणि पोलंड यांच्या दिलजमाईची सर्वांत भक्कम खूण कोणती, असे विचारले तर राजनैतिक मंडळी एखाद्या कराराचे नाव घेतील. माझे मत एका सांडपाणी प्रक्रिया केंद्राला आहे. बर्लिनच्या आग्नेयेला साधारण सव्वाशे किलोमीटरवर नाइसे नदीच्या पश्चिम काठाला गुबेन हे जर्मन गाव आहे आणि समोरच्या काठाला गुबिन हे पोलिश गाव. दोन्हींची लोकसंख्या मिळून पस्तीस हजारांच्या आतच भरते. या दोन्ही गावांचा मैला आणि सांडपाणी १९९८ पासून गुबिनमधल्या एकाच केंद्रात जाते. म्हणजे जर्मन न्हाणीघरातले पाणी आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून पोलंडमध्ये शुद्ध होते. हे केंद्र सुरू झाले तेव्हा पोलंड युरोपीय संघात नव्हता आणि पुलावर माणसांची कागदपत्रे तपासली जात होती. माणसांच्या आधी गटाराने सीमा ओलांडली. पुढे माणसांनाही ती मोकळी झाली, पण ऑक्टोबर २०२३ पासून जर्मन पोलीस पोलंडच्या सीमेवर पुन्हा ओळखपत्रे मागू लागले आणि जुलै २०२५ पासून पोलंडनेही उलट दिशेने तेच सुरू केले. हे नाके सुरक्षेच्या नावाने लावले गेले. त्यांनी नेमके काय मोडते आणि ते पुन्हा उभे राहायला किती काळ लागतो, याचा हिशेब मात्र दोन्ही राजधान्यांनी मांडलेला दिसत नाही. गुबेनच्या इतिहासात तो हिशेब मांडलेलाच आहे आणि तो वाचल्यावर हे नाके उठवण्यावाचून दुसरा निष्कर्ष निघत नाही.

मुळात ही दोन गावे नव्हतीच. १२३५ मध्ये मायसेनच्या मार्ग्रेव्ह हाइनरिशने गुबेनला नगराचे हक्क दिले. त्यानंतर हा लाउझिट्झ प्रदेश बोहेमियाच्या राजांकडे गेला, १६३५ मध्ये सॅक्सनीकडे आणि १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत प्रशियाकडे. मालक इतके बदलले, पण या गावापाशी नदीला सीमा कोणी मानले नाही. बाजारचौक, नगरभवन आणि उंच मनोऱ्याचे मुख्य चर्च पूर्वेच्या काठावर होते. त्यामागच्या टेकड्यांवर द्राक्षमळे आणि फळबागा होत्या आणि वसंतात तिथला मोहोर पाहायला बाहेरगावचे लोक येत. पश्चिमेला रेल्वे स्टेशन आणि कारखाने वाढले. कार्ल गोटलोब विल्के या कारागिराने १८५४ मध्ये लोकरीच्या नमद्याची, पावसात भिजूनही आकार न सोडणारी हॅट बनवली आणि गुबेन हॅटचे गाव म्हणून जगभर पोहोचले. त्या हॅटच्या जाहिरातीत गावाच्या नावाबरोबर जगप्रसिद्धीचा यमकबद्ध दावा असे, आणि तो फारसा खोटा नव्हता. पैसा आला तशी हौसही आली. वास्तुरचनाकार मीस व्हान डेर रोहे याने आधुनिक वळणाचे आपले पहिले घर १९२० च्या दशकात इथल्याच एका कापड कारखानदारासाठी पूर्वेच्या टेकडीवर बांधले. दुसऱ्या महायुद्धाआधी गावाची वस्ती सुमारे ४५ हजार होती. राहणे, कमावणे, प्रार्थना, करमणूक हे सगळे दोन काठांवर वाटलेले होते आणि पूल हा त्या गावातला एक रस्ता होता, एवढेच.

१९४५ च्या फेब्रुवारीत लाल सेना नाइसेपाशी पोहोचली आणि काही आठवडे युद्धाची आघाडी या गावातूनच गेली. जुने गाव जवळपास भुईसपाट झाले, चर्चचे छप्पर कोसळले, मीसचे घरही गेले. जूनमध्ये, पोट्सडॅम परिषद भरण्याच्याही आधी, पोलिश सैन्याने पूर्वेकडच्या जर्मन रहिवाशांना घराबाहेर काढून नदीपार हाकलले. त्या उन्हाळ्यात ओडर आणि नाइसे या नद्या सीमा ठरल्या आणि एका गावाचे काळीज एका देशात, हातपाय दुसऱ्या देशात अशी स्थिती झाली. पश्चिमेकडे उरलेल्या गुबेनला ना बाजारचौक राहिला ना नगरभवन. सीमाप्रश्न म्हटले की मराठी वाचकाला बेळगाव-निपाणी आठवेल, पण ती तुलना इथे फसते. तिथे माणसे जागेवर आहेत आणि रेषेबद्दल वाद आहे. इथे रेषेबद्दलचा वाद केव्हाच मिटला, माणसे मात्र मुळापासून बदलली.

पूर्वेकडे जी माणसे आली तीही स्वखुशीने आली नव्हती. पोलंडचा पूर्वेकडचा मोठा प्रदेश सोव्हिएत संघाने गिळला, तिथल्या पोलिश कुटुंबांना उखडून पश्चिमेला, जर्मनांनी रिकाम्या केलेल्या घरांत आणून बसवले गेले. त्यांच्याबरोबर मध्य पोलंडमधले शेतकरी आले, सैन्यातून सुटलेले जवान आले. या स्थलांतराचा एक धागा थेट कोल्हापूरपर्यंत येतो. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे इथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. सोव्हिएत सत्तेने १९४० च्या सुमारास ज्या पूर्व पोलंडमधून कुटुंबे सैबेरियाकडे धाडली, तिथलेच हे लोक. युद्ध संपल्यावर त्यांना परतायला गावच उरले नव्हते, कारण ते गाव आता दुसऱ्या देशात होते. त्याच प्रदेशातले जे मागे राहिले होते, त्यांपैकी अनेकांच्या वाट्याला गुबिनसारखी गावे आली. परक्याच्या घरात, परक्याच्या भांड्यांत स्वयंपाक करायचा आणि मूळ मालक उद्या परत येईल ही धास्ती मनात ठेवायची, असे त्यांचे पहिले दशक गेले. गुबिनमध्ये पडके चर्च तसेच पडून राहिले यात नवल काहीच नाही. ते दुरुस्त करावे इतके ते कोणाचेच नव्हते.

त्यानंतरची पंचेचाळीस वर्षे या प्रकरणातला सर्वांत बोधप्रद भाग आहे. पूर्व जर्मनीने ६ जुलै १९५० रोजी, याच नदीवर वरच्या अंगाला असलेल्या झगोझेलेट्समध्ये, पोलंडबरोबर करार करून ही सीमा मान्य केली. सरकारी भाषेत ती ‘शांततेची सीमा’ झाली. दोन्हीकडे साम्यवादी राजवटी, दोन्हीकडे बंधुभावाच्या घोषणा, आणि मधे बंद पूल. दैवयोग असा की पूर्व जर्मनीचा पहिला आणि एकमेव राष्ट्राध्यक्ष विल्हेल्म पीक गुबेनचाच, १८७६ चा जन्म. १९६१ मध्ये गावाच्या नावाआधी त्याचे नाव जोडले गेले आणि ते १९९० पर्यंत राहिले. त्याचे जन्मघर मात्र पूर्वेकडे, म्हणजे पोलंडमध्ये होते. १ जानेवारी १९७२ पासून दोन्ही देशांत व्हिसाविना ये-जा सुरू झाली. लाखो लोक सीमेपार गेले, लग्ने जुळली, मैत्र्या झाल्या. पण दुकानांत मालाचा तुटवडा असताना पोलिश गिऱ्हाइके आली की जर्मन शेजाऱ्यांच्या कपाळाला आठ्याही पडत. १९८० मध्ये पोलंडमध्ये ‘सॉलिडॅरिटी’ संघटना उभी राहिली, तिची लागण आपल्याकडे नको म्हणून पूर्व बर्लिनने ऑक्टोबरअखेर एका फटक्यात ही मोकळीक काढून घेतली. आठ-नऊ वर्षांची सवय एका आदेशात संपली. वरून दिलेली मैत्री वरूनच परत घेता येते, हा त्यातला पहिला धडा. दुसरा धडा कमी बोलला जातो, पण माझ्या दृष्टीने तोच मोठा आहे. गुबेनमध्ये १९६० च्या दशकात कृत्रिम धाग्यांचा प्रचंड कारखाना उभा राहिला होता आणि त्यात नदीपलीकडून रोज कामाला येणाऱ्या पोलिश स्त्रियांचा मोठा वाटा होता. सहलीला जाणाऱ्यांची वाट बंद झाली तेव्हाही या कामगारांची ये-जा चालू राहिली. कारखान्याला त्यांची गरज होती, आणि त्या गरजेपुढे आदेशालाही वाकावे लागले.

१९९० नंतर हा कारखाना ढासळला, हॅटचे उत्पादनही बंद पडले. १९८० च्या सुमारास ३६ हजारांच्या आसपास गेलेली गुबेनची वस्ती घटत घटत आज १७ हजारांच्या खाली आली आहे. तरुण पश्चिमेकडे गेले, मोकळे पडलेले फ्लॅट पाडावे लागले. एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत २००६ मध्ये गुंथर फॉन हागेन्स यांनी मृतदेह प्लास्टिकीकरणाने जतन करण्याची कार्यशाळा आणि प्रदर्शन थाटले. त्यावर भरपूर वाद झाला, पण रोजगाराला भुकेलेल्या नगरपालिकेला तोही चालला. या पडझडीच्या काळातच दोन गावांनी खरी जोडणी केली. १४ नोव्हेंबर १९९० च्या करारात एकत्रित जर्मनीने ही सीमा कायमची मान्य केली, त्यामुळे घर जाईल ही गुबिनकरांची धास्ती ओसरली. १९९३ मध्ये दोन्ही बाजूंच्या पालिका आणि जिल्ह्यांचा ‘स्प्रे-नाइसे-बोबर’ हा सीमापार संघ उभा राहिला. मग सांडपाण्याचे केंद्र आले. गुबेनच्या मारी आणि पिएर क्युरी यांचे नाव असलेल्या शाळेत पोलिश विद्यार्थी जर्मन मुलांबरोबर शिकू लागले. ओस पडत चाललेल्या वर्गांना विद्यार्थी हवे होते आणि पलीकडच्या पालकांना मुलांसाठी जर्मन भाषा. पोलंड १ मे २००४ रोजी युरोपीय संघात आला, २१ डिसेंबर २००७ रोजी पुलावरची तपासणी उठली, १ मे २०११ पासून पोलिश नागरिकांना जर्मनीत नोकरीची पूर्ण मुभा मिळाली. जर्मन माणूस पेट्रोल भरायला, केस कापायला पलीकडे जातो, पोलिश माणूस सुपरमार्केटमधल्या खरेदीला अलीकडे येतो. वसंतातला उत्सव दोन्ही काठांवर एकाच वेळी भरतो. पडक्या चर्चच्या उभारणीसाठी दोन्हीकडचे लोक २००५ पासून खटपट करत आहेत. जे चर्च कोणाचेच नव्हते, ते साठ वर्षांनी दोघांचे झाले. आधी गटार, मग शाळा, मग चर्च, असाच हा क्रम होता. तो उलट असता तर काही झाले असते असे मला वाटत नाही.

या जोडणीची परीक्षा २०२० मध्ये झाली. करोनाच्या साथीत पोलंडने मार्चमध्ये सीमा बंद केली आणि महिनाअखेरीस रोज कामाला जाणाऱ्यांनाही परतल्यावर विलगीकरण सक्तीचे केले. जर्मन रुग्णालयांत, वृद्धाश्रमांत, कारखान्यांत काम करणाऱ्या हजारो पोलिश लोकांपुढे घर की नोकरी असा प्रश्न उभा राहिला. एप्रिलच्या अखेरीस नाइसे आणि ओडरच्या काठच्या गावांत लोक निदर्शनांना उतरले आणि मेच्या सुरुवातीला कामगारांवरची सक्ती शिथिल करावी लागली. चाळीस वर्षांपूर्वी असाच आदेश निघाला तेव्हा रस्त्यावर कोणी आले नव्हते. हुकूमशाहीत येणे सोपे नव्हते हे खरे, पण २०२० मधले लोक ‘मैत्री’ वाचवायला आलेच नव्हते. त्यांना आपला पगार, आपली मुले, आपले रुग्ण यांची चिंता होती.

आता नाक्यांच्या बाजूचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण ते निराधार नाही. २०२१ मध्ये बेलारूसच्या राजवटीने पश्चिम आशियातल्या लोकांना मुद्दाम पोलंडच्या सीमेवर ढकलायला सुरुवात केली आणि त्यांतले बरेच ओडर-नाइसे ओलांडून जर्मनीत आले. माणसांची तस्करी करणाऱ्या टोळ्या आहेत, वाहनचोरी ही तर सीमाभागातली जुनी तक्रार आहे. मग पोलिसांनी पुलावर उभे राहायचे नाही तर कुठे, असे विचारले जाते. माझे उत्तर असे की पुलावर उभे राहिल्याने सर्वांत जास्त अडतो तो रोज ठरलेल्या वेळी तिथून जाणारा माणूस. तस्कराला नाका कुठे आहे हे माहीत असते. शिवाय दुसरी साधने हाताशी आहेत. ओडरकाठच्या श्फिएत्स्को इथे २००७ पासून दोन्ही देशांच्या पोलीस आणि सीमाशुल्क खात्यांचे संयुक्त केंद्र चालते. २०१४ मध्ये झालेल्या पोलीस सहकार्य कराराने संयुक्त गस्तीला आणि पाठलाग करत सीमा ओलांडायलाही मोकळीक दिली. सीमेपासून आत, दोन्ही बाजूंच्या रस्त्यांवर, दोन्ही गणवेशांतले पोलीस एकाच गाडीतून फिरतात, तेव्हा गुन्हेगाराला पूल ओलांडून सुटल्याचा आनंद मिळत नाही. नाका लावला की नेमके उलट होते. प्रत्येक देश आपल्या काठावरचा माणूस दुसऱ्याच्या काठावर ढकलू लागतो. मे २०२५ नंतर जर्मनीने आश्रय मागणाऱ्यांनाही सीमेवरून परत पाठवायला सुरुवात केली. जूनमध्ये बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयाने फ्रांकफुर्ट-ओडरच्या एका प्रकरणात ते बेकायदा ठरवले आणि जुलैत पोलंडने प्रत्युत्तरादाखल स्वतःचे नाके उभे केले. शेंगेन क्षेत्रातल्या अंतर्गत तपासणीला मुदत असते आणि तोच धोका पुढे करून ती वाढवत राहता येत नाही, असे युरोपीय न्यायालयाने ऑस्ट्रियाच्या प्रकरणात एप्रिल २०२२ मध्येच सांगितले होते. त्यानंतरही तात्पुरत्या म्हणवल्या गेलेल्या तपासणीची मुदत वाढतच राहिली.

याहून अवघड आक्षेप गावातूनच येतो. तुम्ही ज्या गुबेनचे गोडवे गाता तिथल्या लोकांनाच हे नाके हवे आहेत, हा तो आक्षेप. फेब्रुवारी २०२५ च्या संसदीय निवडणुकीत स्थलांतरविरोधी ‘एएफडी’ हा पक्ष ब्रांडेनबुर्ग राज्यात जवळपास एक तृतीयांश मते घेऊन पहिला आला आणि सीमेलगतच्या पट्ट्यात त्याचा जोर मोठा आहे. गुबेनच्या नावावर याहून काळे डागही आहेत. १३ फेब्रुवारी १९९९ च्या रात्री उजव्या अतिरेकी तरुणांच्या टोळक्याने अल्जीरियाहून आलेल्या फरीद गेंदूल या २८ वर्षांच्या आश्रयार्थीचा पाठलाग केला. जीव वाचवायला त्याने एका इमारतीच्या दाराची काच फोडली आणि त्या जखमेतून रक्तस्राव होऊन तो मेला. त्याच्या स्मरणाच्या शिळेचीही पुढे वारंवार विटंबना झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये नवनाझी संघटनेच्या हाकेवरून ‘सीमारक्षणा’साठी गुबेन परिसरात जमलेल्या पन्नासहून अधिक जणांना पोलिसांनी अडवले, त्यांच्याकडे मिरचीचे फवारे, लाठ्या आणि कोयत्यासारखी हत्यारे सापडली. हे सगळे नाकारून या गावाला युरोपच्या एकीचे आदर्श ग्राम म्हणून सजवणे हा खोटेपणा होईल. पण यातून नाक्यांची बाजू बळकट होत नाही. १९९९ मध्ये पुलावर कडक तपासणी होती, तिने परकीयांचा द्वेष कमी झाला नव्हता. २०२५ मध्ये पोलिश बाजूलाही स्वयंघोषित सीमारक्षक पुलांवर उभे राहिले, ते जर्मनी आपल्याकडे स्थलांतरित ढकलते या रागातून. म्हणजे सरकारने सीमेला रणभूमीसारखे वागवले की हौशी सैनिक दोन्ही काठांवर उगवतात.

मतदाराच्या रागामागे खरे कारण आहे, ते टाळता कामा नये. निम्म्याहून अधिक वस्ती गमावलेल्या गावात कारखाना बंद होतो, दुकानाला कुलूप लागते आणि मुले सुटीपुरती घरी येतात, तेव्हा कोणीतरी काहीतरी हिरावून नेले असे वाटणे स्वाभाविक आहे. नेणारा मात्र पुलावरून आलेला नव्हता. उलट या गावाला आज माणसांची गरज इतकी आहे की २०२४ मध्ये गुबेनने बाहेरच्या लोकांना काही आठवडे येऊन राहून पाहण्याचे आमंत्रण दिले. लिथियम शुद्ध करण्याचा मोठा प्रकल्प इथे आणण्याची खटपट काही वर्षे चालू आहे. तो उभा राहिला तर कामगार कुठून येणार? बर्लिनहून थोडे, बाकीचे नदीपलीकडून. एकीकडे माणसे यावीत म्हणून दार उघडायचे आणि दुसरीकडे सर्वांत जवळच्या शेजाऱ्याला रोज रांगेत उभे करायचे, हे धोरण गुबेनचे नुकसान करते, मग मतदानाचा कौल काहीही असो.

काही जण याहून खवचट मुद्दा काढतात. स्वस्त पेट्रोल आणि स्वस्त न्हावी यांच्यापायी पूल ओलांडणे ही कसली एकी, भाव समान झाले की लोक परत आपापल्या काठावर. या शंकेत तथ्य आहे, पोलंडमधले पगार आणि भाव वाढत आहेत तसे हे हिशेब बदलतही आहेत. पण बाजाराच्या ओढीने झालेली ये-जा कमअस्सल मानायचे कारण मला दिसत नाही. हॅटच्या काळातही लोक पूल ओलांडत होते ते मजुरीसाठी आणि बाजारासाठीच. त्यातूनच शेजार, सोयरीक आणि भाषा या गोष्टी मागाहून येतात, आणि त्या यायला वीस-पंचवीस वर्षे सलग, विनाअडथळा मिळावी लागतात. गुबेन-गुबिनला मोकळ्या पुलाची अशी सलग वर्षे २००७ ते २०२० एवढीच मिळाली.

बर्लिन आणि वॉर्सा या दोघांनाही आपण आधी माघार घेतली असे दिसायला नको आहे. पण क्रम स्पष्ट आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाके आधी जर्मनीने लावले, पोलंडचे नाके त्याला उत्तर म्हणून आले. म्हणून ते आधी उठवण्याची जबाबदारी जर्मनीची आहे. पुलावर उभी असलेली कुमक श्फिएत्स्कोच्या संयुक्त केंद्राला आणि संयुक्त गस्तीला द्यावी, आणि पुढची मुदतवाढ मागण्याआधी जर्मन संसदेने गुबेन, ग्योर्लिट्झ आणि फ्रांकफुर्ट-ओडरच्या महापौरांचे म्हणणे ऐकावे.